कालची फाइल, आजची मोडी

मंडळी, आज राजकारण नाही, निवडणूक नाही. आज फाइलीबद्दल बोलायचंय. कपाटातली नव्हे, कॉम्प्युटरमधली फाइल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. वाचून झाल्यावर हा सार्वजनिक प्रश्न आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमच्या भागात एक पाणी वापर संस्था आहे. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिच्या कपाटात २००१ ते २००४ या काळातल्या काही सीडी आहेत. त्यात कालव्याचा नकाशा, कोणत्या गटाला किती तास पाणी, पाळीचा क्रम, असं सगळं तेव्हाच्या ऑपरेटरने पॉवरपॉइंटमध्ये बसवलेलं. आता कालव्याच्या शेवटाकडचे शेतकरी म्हणतात, "तेव्हा आमची पाळी जास्त तासांची ठरली होती." वरचे म्हणतात, "दाखवा कुठे लिहिलंय." लिहिलंय ते त्या सीडीवर. आणि फाइलीच्या नावापुढे पीपीटी नाही, पीओटी आहे. पीओटी म्हणजे पॉवरपॉइंटचा टेम्प्लेट, बोलीत पॉट फाइल.

संस्थेत नव्याने लागलेल्या मुलीने एक फुकटची वेबसाइट शोधली. जुनी पॉट फाइल टाका, चित्र करून घ्या. समोर वीस-पंचवीस नावांची यादी आली: पीसीएक्स, टीजीए, पिक्ट, टिफ, जीआयएफ, बीएमपी, डब्ल्यूएमएफ. तिने फोन केला, "दादा, यातलं कुठलं दाबू?"

मी म्हटलं, "आत्ता काहीच दाबू नकोस."

का, ते सांगायला थोडा इतिहास सांगावा लागेल. कारण ती यादी म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतल्या कंपन्यांच्या जुन्या पाट्या आहेत. काही पेढ्या बंद झाल्या, काहींचे मालक बदलले, पाट्या तेवढ्या राहिल्या.

आधी पॉट फाइल म्हणजे काय ते पाहू.

पॉवरपॉइंट मुळात मायक्रोसॉफ्टचं नाही. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते तयार केलं. आधीचं नाव होतं प्रेझेंटर. एप्रिल १९८७ मध्ये ते बाजारात आलं, तेही फक्त अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवर आणि फक्त काळ्या-पांढऱ्या रंगात. तेव्हा भिंतीवर कॉम्प्युटरचा पडदा दाखवणारे प्रोजेक्टर सरसकट नव्हते. त्यामुळे पानं छापायची, पारदर्शक फिल्मवर घ्यायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. आमच्या पिढीने बीएडच्या वर्गात आणि कृषी खात्याच्या शिबिरात ही यंत्रं पाहिली आहेत. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला फोरथॉट विकत घेतली. पुढच्या वर्षी रंग आले, आणि फाइल मोडेमवरून पाठवून ३५ मिलिमीटरच्या स्लाइड बनवून घ्यायची सोयही झाली. विंडोजवर पॉवरपॉइंट यायला १९९० उजाडलं.

टेम्प्लेट ही त्यातली सोय. साहेबांच्या भाषणाची पार्श्वभूमी, बोधचिन्ह, अक्षराचा आकार, रंग हे एकदाच ठरवून ठेवायचं. पॉट फाइलीवर दोनदा क्लिक केलं की मूळ फाइल उघडत नाही, तिची कोरी नक्कल उघडते. कितीही गोंधळ घाला, मूळ फाइल जागेवर सुरक्षित.

आता आपल्याकडच्या ऑपरेटर मंडळींचं डोकं बघा. एकच कॉम्प्युटर, त्यावर पाच जण बसणार, कोणीतरी मजकुरावर मजकूर चढवणार. मग काहींनी काय केलं? पूर्ण भरलेलं प्रेझेंटेशनच टेम्प्लेट म्हणून सेव्ह केलं. कुलूप लागल्यासारखं झालं. म्हणून कुठे पॉट फाइल दिसली तर "हा नुसता रिकामा साचा, टाकून द्या" असं म्हणू नका. आत अख्खा दस्तऐवज असू शकतो. या संस्थेच्या बाबतीत तसंच निघालं.

आता यादीतल्या पाट्यांकडे येऊ.

पीसीएक्स. १९८० च्या दशकात अमेरिकेत झेडसॉफ्ट नावाची कंपनी होती. तिचं पीसी पेंटब्रश हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर, आणि त्याची फाइल पीसीएक्स. युक्ती साधी. एका ओळीत सलग चाळीस पांढरे ठिपके असतील तर चाळीस वेळा "पांढरा" लिहायचं नाही, "पांढरा, चाळीस वेळा" एवढंच लिहायचं. वाण्याच्या वहीत "वरीलप्रमाणे" लिहितात तसं. प्रत्येक पीसीएक्स फाइलीचा पहिला आकडा १० असतो, ती त्या कंपनीची खूण. विंडोज ३.० मधलं पेंटब्रश याच कंपनीकडून घेतलेलं. कंपनी गेली, खूण राहिली.

टीजीए, म्हणजे टार्गा. १९८४ साली ट्रूव्हिजनच्या व्हिडिओ कार्डांसाठी बनलेली फाइल. टीव्हीच्या चित्रांचं आणि व्हिडिओ एडिटिंगचं काम करणाऱ्यांना हे नाव अजून आठवत असेल.

पिक्ट. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशबरोबर आलेली. यात नुसते ठिपके नसतात, "इथून इथपर्यंत रेघ ओढ, इथे गोल काढ" अशा सूचना असतात. अ‍ॅपलनेच पुढे ती मागे टाकली.

डब्ल्यूएमएफ. विंडोजची अशीच सूचनांची फाइल. तिची गोष्ट महत्त्वाची आहे. २००५ च्या डिसेंबरात लक्षात आलं की या जुन्या फाइलीत एक दार उघडं राहिलंय. बिघडवलेलं चित्र नुसतं पाहिलं तरी कॉम्प्युटरवर परक्याचा प्रोग्राम चालू शकत होता. जानेवारी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टला घाईने दुरुस्ती काढावी लागली. जुनी फाइल म्हणजे निरुपद्रवी फाइल असं नसतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

टिफ. १९८६ साली अल्डस कंपनीने आणली, मुख्यतः स्कॅनरसाठी. पुढे १९९४ मध्ये अल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. टिफची रचना नीट लिहून सगळ्यांसाठी प्रसिद्ध केलेली होती, म्हणून ती टिकली. आजही ग्रंथालयं आणि अभिलेखागारं जुने कागद स्कॅन करून टिफमध्ये ठेवतात.

आणि जीआयएफ, ज्यात आपण रोज फुलं आणि दिवे पाठवतो. १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह कंपनीने ती काढली. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. तिच्यात फाइल लहान करायची जी पद्धत वापरली होती, तिचं पेटंट युनिसिस या दुसऱ्याच कंपनीकडे होतं. सगळं जग जीआयएफ वापरायला लागल्यावर, १९९४ च्या डिसेंबरात, जाहीर झालं की ही पद्धत वापरणारं सॉफ्टवेअर बनवायचं तर परवाना घ्या, पैसे भरा. सात वर्षं रस्ता खुला होता आणि एके सकाळी टोलनाका उभा! चिडलेल्या प्रोग्रामर लोकांनी एकत्र येऊन पेटंटमुक्त फाइल बनवली, ती पीएनजी. १९९६ मध्ये तिला प्रमाणित रूप मिळालं. अमेरिकेतलं युनिसिसचं पेटंट २००३ मध्ये संपलं.

या सगळ्या पाट्यांवरून एवढंच लक्षात ठेवायचं. फाइल आपली असली तरी तिचा साचा कुणाचा तरी असतो. तो साचा लिहून खुला केलेला असेल तर मालक गेल्यावरही फाइल वाचता येते. नसेल तर आपला कागद दुसऱ्याच्या किल्लीवर राहतो.

पॉवरपॉइंटचंही हेच झालं. ९७ च्या आवृत्तीत फाइलीची रचना बदलली. पुढची दहा वर्षं तीच चालली, पण ती रचना बाहेरच्यांना पूर्ण माहीत नव्हती. २००७ मध्ये नवी रचना आली, मागे एक्स लागला: पीपीटीएक्स, पीओटीएक्स. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑफिस २००३ साठी एक दुरुस्ती संच आला आणि तो बसवल्यावर पॉवरपॉइंट ९७ पूर्वीच्या फाइली उघडणं आपोआप बंद झालं. कारण दिलं सुरक्षेचं. डब्ल्यूएमएफची गोष्ट आठवली तर कारण खोटं म्हणता येणार नाही. पण ज्यांच्याकडे १९९४-९५ च्या फाइली होत्या, त्यांच्यासाठी एका रात्रीत कपाटाला कुलूप लागलं.

त्याच सुमारास जगभर वाद चालला होता. सरकारी आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा साचा खुला असावा का? ओडीएफ नावाचा खुला साचा २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या नव्या साच्यालाही तसं मानक करावं यावर मतदान झालं. २००७ आणि २००८ अशा दोन्ही वेळी भारतीय मानक ब्यूरोने विरोधात मत दिलं. तरी २००८ मध्ये तो साचा मानक झाला. एक चांगली गोष्ट मात्र घडली. त्या वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या पीपीटी-पॉट फाइलींच्या रचनेची कागदपत्रंही खुली केली. आज लिब्रेऑफिससारखं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर या फाइली उघडतं, त्यात या वादाचा थोडा वाटा आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१० च्या नोव्हेंबरात ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. धोरण कागदावर चांगलं आहे. तालुक्याच्या टेबलापर्यंत किती पोचलं, ते तुमच्या तालुक्यातल्या टेबलावर जाऊन बघा.

इथपर्यंतची गोष्ट जगाची झाली. पण आपल्या मराठी फाइलीला आणखी एक कुलूप आहे, आणि ते जास्त घट्ट आहे. फॉन्टचं.

१९९० च्या दशकात कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती. नाही म्हणायला १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली. पण साध्या विंडोजवर युनिकोड देवनागरी नीट चालायला विंडोज २००० यावं लागलं, आणि कार्यालयातली सवय बदलायला त्यानंतरही खूप वर्षं गेली. मधल्या काळात आपण जुगाड केला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. पुण्याच्या सीडॅकचे डीव्हीबी मालिकेतले योगेश, सुरेख हे फॉन्ट, मॉड्युलरची श्रीलिपी, आकृती, शिवाजी. डीटीपीवाल्याला ही नावं घरच्या माणसांसारखी पाठ.

या जुगाडाने महाराष्ट्राची पंधरा-वीस वर्षं चालवली. लग्नपत्रिकांपासून सरकारी परिपत्रकांपर्यंत सगळं यातच छापलं. त्या मंडळींना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण परिणाम समजून घ्या. फाइलीत प्रत्यक्ष मराठी नाहीच. आत आहेत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो विशिष्ट फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तरच त्यातून "पाळी क्रमांक चार" दिसणार. नसेल तर नुसती उलटसुलट चिन्हं. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधला "क" दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी.

आता त्या फुकटच्या वेबसाइटवर काय होतं ते बघा. तुम्ही फाइल टाकता. ती कुठल्यातरी सर्व्हरवर जाते, बहुतेक वेळा देशाबाहेर. तिथलं सॉफ्टवेअर फाइल उघडतं, एकेक पान रंगवतं, त्याचं चित्र करतं आणि तुम्हाला परत देतं. त्या सर्व्हरवर तुमचा १९९८ चा मराठी फॉन्ट असण्याची शक्यता किती? जवळजवळ शून्य. मग ते सॉफ्टवेअर हाताला लागेल तो फॉन्ट लावतं आणि चिन्हांच्या खिचडीचं सुंदर, स्वच्छ चित्र करून देतं.

मूळ फाइलीत ती खिचडी सोडवता येते. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हे फॉन्टच्या नावावरून कळतं. चित्रात फॉन्टचं नावही उरत नाही. आता कोणी मूळ सीडी टाकून दिली आणि "आमच्याकडे चित्रं आहेत" म्हणाला, तर तो दस्तऐवज गेला. कागद जळाला नाही, पाण्यात भिजला नाही, नुसता वाचण्यापलीकडे गेला.

दुसरी अडचण नकाशाची. पॉवरपॉइंटचं जुनं पान दहा इंच रुंद आणि साडेसात इंच उंच असायचं. नेहमीच्या ९६ ठिपके प्रतिइंच हिशोबाने त्याचं चित्र ९६० गुणिले ७२० ठिपक्यांचं होतं. फोनवर बघायला बरं दिसतं. पण त्यात गट नंबर वाचून दाखवा! सहाचा आठ होतो. आणि त्याच फाइलीच्या पोटात मूळ स्कॅन केलेला नकाशा याहून मोठा असू शकतो. तो बाहेर न काढता पानाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबारा बाजूला ठेवून त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर खरेदीखत करायचं.

तिसरी अडचण, चित्रात पानाच्या मागचं काही येत नाही. प्रेझेंटेशनच्या खाली टिपा लिहायची जागा असते. लपवलेली पानं असतात. फाइल कोणी केली, कधी केली याची नोंद असते. वादात या गोष्टींना किंमत असते. चित्र केलं की त्या सगळ्या गळून पडतात. पण वेबसाइटवाल्याकडे मात्र त्या सगळ्या गेलेल्या असतात! इतकंच काय, जुन्या पॉवरपॉइंटमध्ये झटपट सेव्हची सोय होती. ती चालू असेल तर खोडलेला मजकूरही फाइलीच्या पोटात पडून राहायचा. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जे तुम्ही पुसलं, तेही तुम्ही आज अनोळखी माणसाला पाठवता. संस्थेच्या फाइलीत सभासदांची नावं, गट नंबर, बँक खाती असतात. ती माहिती संस्थेची नाही, सभासदांची आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेनव्हर कार्यालयाने तर जाहीर इशारा दिला की फुकट फाइल बदलून देणाऱ्या काही साइट परत येणाऱ्या फाइलीतून व्हायरस पाठवतात आणि दिलेल्या फाइलीतली माहिती उपसतात. सगळ्या साइट अशा नाहीत. पण बाहेरून ओळखायची कशी?

मंडळी, हे सगळं वाचताना तुम्हाला काही आठवतंय का? मला मोडी आठवते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपले व्यवहार मोडीत चालत. जमिनीचे, देवस्थानचे, सावकारीचे, दरबारचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड काढले, तरी दप्तराचा मोठा भाग तसाच राहिला. मग आपण छपाईच्या सोयीसाठी बाळबोध धरली, शाळेतून मोडी गेली, आणि दोन पिढ्यांत वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. कागद होता तिथेच होता. घरात आजोबांची पेटी होती. पण वाचणार कोण?

याची किंमत आपण २०२३ मध्ये पाहिली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दप्तरं उघडली गेली. त्या प्रश्नात कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हा आजचा विषय नाही आणि कृपया कमेंटमध्येही तो वाद आणू नका. मुद्दा एवढाच की अख्ख्या राज्याला अचानक मोडी वाचणारे लागले. जिल्ह्याजिल्ह्यात जाणकारांचा शोध सुरू झाला. एका ओळीवर माणसाचा दाखला अवलंबून, आणि ती ओळ वाचता येणारा माणूस तालुक्यात नाही.

मोडी वाचता यायचं बंद व्हायला दोन पिढ्या लागल्या. कॉम्प्युटरच्या फाइलीला दहा-पंधरा वर्षं पुरतात. मोडीचं बरं आहे, ती शिकता येते, २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्येही जागा मिळाली. शिवाय मोडीचा कागद भिंगाखाली धरता येतो. सीडी भिंगाखाली धरून काही दिसत नाही.

यातली गंमत अशी की आपला कायदा अजून त्या जुन्या वस्तूंची नावं घेतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात नागरिकाला माहिती कशा स्वरूपात मिळू शकते हे सांगताना डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट असे शब्द आहेत. म्हणजे फ्लॉपीवरची माहितीही माहितीच आहे. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवावेत असं म्हटलंय. आता मला सांगा, "फाइल आहे पण उघडत नाही" हे उत्तर "फाइल गहाळ आहे" याहून वेगळं कसं?

पुढे काय झालं ते सांगतो. त्या फाइली आम्ही संस्थेच्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेटची वायर काढून, लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. मजकूर अर्थातच खिचडी दिसला. पण त्या मजकुरावर क्लिक केलं की वर फॉन्टच्या चौकटीत मूळ फॉन्टचं नाव येतं, फॉन्ट बसवलेला नसला तरी. ते नाव घेऊन गावातल्या जुन्या डीटीपीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हा तर आपला नेहमीचा." त्यांच्याकडे त्या सॉफ्टवेअरची रीतसर प्रत होती. त्यांच्या मशीनवर फाइल उघडली आणि मराठी दिसली. पाळीचा तक्ता, तास, नावं, सगळं.

त्याने वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पाण्याचा वाद फाइलीने मिटत नसतो. पण बैठकीत आता "माझ्या बापाने सांगितलं होतं" याच्या जागी तक्त्यावर बोट ठेवून भांडण झालं. लोकशाहीत एवढंही पुष्कळ असतं.

तर ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत, ग्रामपंचायत, पतसंस्था, शाळा, वाचनालय, गणेश मंडळ, मंदिराचा ट्रस्ट, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

१. मूळ फाइल कधीही टाकू नका, बदलू नका. आधी तिच्या दोन नकला दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सीडी आणि फ्लॉपी कायम टिकत नाहीत, त्यामुळे हे काम याच महिन्यात करा.

२. शक्यतो आपल्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडा. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि पॉट फाइल उघडतं. नावं, जमीन, पैसा यांचा मजकूर असेल तर ऑनलाइन साइटचं नावच काढू नका. सणाच्या शुभेच्छांची पार्श्वभूमी असेल तर टाका बिनधास्त.

३. फॉन्टचं नाव लिहून ठेवा. फाइलीच्या शेजारी एका साध्या टिपणात, की ही फाइल अमुक फॉन्टमध्ये आहे. पुढच्या माणसाचे चार दिवस वाचतील.

४. फॉन्ट मिळाला की दोन गोष्टी करा. जशी दिसते तशी पीडीएफ काढा, जमल्यास पीडीएफ-ए प्रकारची, त्यात फॉन्ट आतच बसवलेला राहतो. आणि मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. नुसत्या पीडीएफवर थांबू नका. जुन्या फॉन्टची पीडीएफ डोळ्याला मराठी दिसते, पण त्यात शोधायला गेलं की काही सापडत नाही, कॉपी केलं की पुन्हा खिचडी. युनिकोड करून झाल्यावर नावं आणि आकडे माणसाने बसून तपासायचे. यंत्रावर सोडू नका.

५. चित्रच हवं असेल तर पीएनजी किंवा टिफ घ्या, आणि ३०० ठिपके प्रतिइंचाने घ्या. त्या दहा इंची पानाचे ३००० गुणिले २२५० ठिपके होतात, गट नंबर वाचता येतात. नकाशाला जेपीजी नको, बारीक रेघांच्या कडेला डाग येतात. जीआयएफ आणि पीसीएक्सच्या वाटेला जायचं कारण नाही. एखादं जुनं यंत्र किंवा कार्यालयाबाहेरचा एलईडी फलक बीएमपीच मागत असेल, तर पीएनजीवरून तेवढ्यापुरती नक्कल करून द्या.

६. फाइलीच्या पोटातला नकाशा वेगळा काढा. फाइल लिब्रेऑफिसमधून ओडीपी म्हणून सेव्ह केली की ती खरं तर एक झिप असते. ती सोडवली की चित्रांचा फोल्डर समोर येतो.

यात पैसे लागत नाहीत. एक कॉम्प्युटर, एक चिकाटीचा पोरगा किंवा पोरगी, आणि गावातला तो जुना डीटीपीवाला. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मिळ आहे. ज्यांनी योगेश, सुरेख, श्रीलिपीवर पंधरा-वीस वर्षं हात चालवला ती माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. कुठल्या फॉन्टमध्ये कुठलं जोडाक्षर कुठे दडलंय हे त्यांच्या बोटांत आहे. उद्याचे मोडी जाणकार तेच आहेत, फक्त त्यांना अजून कोणी जाणकार म्हणत नाही. त्यांची दुकानं आता फ्लेक्सच्या किंवा झेरॉक्सच्या नावाने चालतात. काहींची बंद झाली.

म्हणून एक विनंती. येत्या ग्रामसभेत, संस्थेच्या वार्षिक सभेत एक साधा प्रश्न विचारा: आपल्या कार्यालयात २०१० पूर्वीच्या किती फाइली आहेत, आणि त्यातल्या किती आज उघडतात? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. "माहीत नाही" असं आलं तर तेही लिहून घ्या.

आणि तुमच्या गावात असा जुना डीटीपीवाला असेल तर त्याच्याकडे एकदा जाऊन या. कमेंटमध्ये त्याचं नाव-नंबर टाकू नका, फक्त कोणत्या फॉन्टवर काम केलंय आणि कोणता तालुका, एवढं लिहा. ज्यांच्याकडे फाइली अडल्यात त्यांना निरोप पोचवायचं काम मी करेन.